ऊन पाठीला

फोटो काढताना काकांची दोन्ही कोपरं बाहेर यायची, खुडूक कोंबडीने पंख पसरावेत तशी. "ऊन माझ्या पाठीला पायजे," म्हणत ते समोरच्याला फिरवत राहायचे. ऊन त्यांच्या पाठीला आणि आपल्या डोळ्यांत. आपण डोळे बारीक केले की वर बोलणीही आपल्यालाच.

श्रीवर्धनच्या बाजारात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. काकांची जवळच्या गावात सुपारीची वाडी होती. मुलाने दिलेला डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून ते गावातल्या प्रत्येक बारशाला, पूजेला हजर. प्रिंट काढायला माझ्याकडे येत. अशी हौशी माणसं तुम्हीही पाहिली असतील; पण यांचा एक नेम जगावेगळा होता. काढलेला फोटो तिथल्या तिथे दाखवायचा आणि समोरचा "नको" म्हणाला की त्याच्यादेखत पुसायचा. "ज्याचं तोंड, त्याची मर्जी," असं वर सांगायचे.

गाव या नेमावर खूश होतं. पंचाईत झाली ती घरात. काकूंना स्वतःचा एकही फोटो आवडत नसे. "किती काळी दिसते मी मेली! पुसा आधी," असं त्या म्हणत आणि काका पुसत.

"काका, एखादा चोरून ठेवा की," मी चेष्टा करायचो.

"बायकोशी चोरी?" ते खरंच दचकायचे.

काकू गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला फोटो नव्हता. मी आधार कार्डावरचा मोठा करून दिला. काका त्याच्याकडे बघत म्हणाले, "ही कोन बाई?"

थोड्या दिवसांनी ते कॅमेरा घेऊन आले. भाचीच्या हळदीचे फोटो अजून कॉम्प्युटरवर उतरवले नव्हते. त्या गर्दीत काकू कुठेतरी असतील एवढीच आशा, आणि नेमकं कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड उघडायला तयार नाही. "भाऊ, कसंबी कर. माझ्याकडं तिचं दुसरं काय न्हाय."

हरवलेले फोटो शोधणारा प्रोग्राम मी चालू केला. हळदीचे फोटो अर्धेमुर्धे, फाटल्यासारखे आले. काकूंचा पदर तेवढा दिसला. पण शोध थांबेना. पुसलेला फोटो कार्डावरून लगेच जात नाही. त्याच्या जागी दुसरा येऊन बसेपर्यंत तो तिथेच असतो. पडद्यावर काकू येऊ लागल्या. नारळ खवताना, पदराआड तोंड लपवताना, चिडून, हसू दाबून. सगळ्या "नको" म्हणालेल्या काकू.

काका रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "पन तिला नको व्हते रे हे. मी तिच्यासमोर पुसलेले."

पुष्कळ वेळाने त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं. अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या, त्यात उभ्या काकू, हाताचा पंजा कॅमेऱ्यापुढे धरलेला आणि त्यामागे अर्धं तोंड हसतंय. "ह्योच लावू. ह्यात ती नकोच म्हनते. तिचंबी राह्यलं, माजंबी."

बाकीचे त्यांनी मला पुसायला लावले. "पुन्ना येतील असं नको. खरं पुस." मी पुसले. फार जिवावर आलं.

यंदा काका गेले. मुलगा पनवेलहून आला आणि बाबांचा फोटो मागू लागला. आधारवरचा नको म्हणाला. गावभर फोटो काढत फिरलेल्या माणसाचा माझ्याकडे एकही फोटो नव्हता. मग काहीतरी आठवलं आणि मी त्याच्याबरोबर घरी गेलो. भिंतीवरच्या त्या तसबिरीत काकूंच्या पायाशी, सुपाऱ्यांवर एक लांब सावली पडली होती. कोपरं बाहेर आलेली.

मुलाने ती हाताने चाचपून पाहिली. त्या घरात अजून तेवढी एकच तसबीर आहे. तिला हार मात्र आखूड घालतात, खालची सावली झाकू नये म्हणून.