पट्ट्याचं टोक

"थांबा!" म्हणून ते उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि आमचा भाड्याचा व्हीसीआर थांबायचा. पुढचं वाक्य ठरलेलं. "चेहरा सोडा, वहिनी. आधी हेल्मेटचा पट्टा बघा."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिकडे उत्तरेत, बख्शी का तालाबला हवाई दलाच्या वसाहतीत ते आमचे शेजारी होते. मूळचे साताऱ्याकडचे, हुद्द्याने सार्जंट, मला भाऊजी. वैमानिकांची हेल्मेटं आणि पॅराशूटं तपासून देणं हे त्यांचं काम. दिवसभर लोकांच्या हनुवटीखाली बघणारा माणूस सिनेमा तरी वेगळा कसा बघणार? मी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे अंतराळातल्या सिनेमांवर माझाच अधिकार, असा माझा समज होता. त्यांना तो मुळीच मान्य नव्हता.

आमचं खरं भांडण एकाच सिनेमावरून. त्यात शूर कप्तानाला यानाबाहेर ढकलून देतात आणि तो मरतो. मरतो म्हणजे मरतो. बाहेर हवा नाही, मी फळ्यावर आकृती काढून सिद्ध केलं असतं. पण अगदी शेवटी शत्रूचे सैनिक रांगेत उभे दिसतात, सगळ्यांचे चेहरे झाकलेले. भाऊजींनी तिथे बोट वर केलं.

"डावीकडून तिसरा. पट्ट्याचं उरलेलं टोक आत खोचलंय. कप्तान तसंच खोचायचा. हा कप्तान आहे!"

"कपडेपटवाल्याने बांधला असेल हो."

"मग शेजारच्याचं टोक का लोंबतंय? माणूस वेष बदलेल, वहिनी, पट्टा बांधायची सवय नाही बदलत. वीस वर्षं बघतोय मी."

मी चहा टाकायला उठले. माझी मुलगी म्हणाली, "अंकल, मर गया ना यार वो! आगे बढ़ाओ ना." पण पुढे जायचं कसलं! मागे, पुन्हा मागे. सात-आठ रविवार तीच कॅसेट आली. शेवटी नेमक्या त्याच जागी पडद्यावर पांढऱ्या रेषा येऊ लागल्या आणि डावीकडून तिसरा सैनिक दिसेनासा झाला.

"घ्या! पुरावा तुम्हीच घासून संपवलात," मी म्हटलं.

"रेषांच्या मागे आहे तो," ते शांतपणे म्हणाले.

व्हिडिओवाल्याने सांगितलं, दुसरा भाग येणार आहे, कब आएगा पता नहीं. तेव्हापासून भाऊजी ड्यूटीवरून येताना रोज त्याच्या दुकानावरून येऊ लागले. दुसरा भाग आला नाही, त्यांची बदलीची ऑर्डर आली. आसाम.

सामान ट्रकमध्ये चढत होतं आणि हा माणूस कडेला खिन्न उभा. "बदलीचं काही नाही हो, ती होतच असते," ते म्हणाले. "पण हे अर्धवट राहिलं. तिकडे कॅसेट कुठे मिळायची? आला की मला लगेच कळवाल? मी चुकलो असलो तरी कळवा."

मी शब्द दिला. ते गेल्यावर रविवार फार बेचव झाले. भांडायला माणूस लागतो, आणि तोही चांगला.

पुढच्या थंडीत दुसरा भाग आला. शत्रूच्या यानातून झाकल्या चेहऱ्याचा एक सैनिक उतरतो, हेल्मेट घट्ट करतो आणि पट्ट्याचं टोक हळूच आत खोचतो. चेहरा दिसायच्या आधीच मी खुर्चीवरून उडी मारली. मी हरले होते आणि आनंदाने ओरडत होते!

तशीच रिक्षा करून तारघरात गेले. मजकूर लिहिला, "कप्तान ज़िंदा है." पत्ता भाऊजींच्या आसामातल्या हवाई तळाचा. खिडकीतल्या म्हाताऱ्या बाबूंनी तो वाचला, चष्मा काढला, डोळे पुसले. "मुबारक हो, बहनजी. ऐसा तार बरसों में एक बार लिखवाया जाता है. अभी भेजता हूँ, सबसे पहले." त्यांना खरं सांगायचा मला धीर झाला नाही. मी नुसती मान हलवली, आणि खरं सांगते, माझेही डोळे भरून आले.

पंधरा दिवसांनी भाऊजींचं पत्र आलं. "वहिनी, तार गेटवरच फुटली. अख्खं युनिट मिठाई मागतंय, कुठला कप्तान ते कुणाला सांगू? वाटली मिठाई. पण एक राहिलं. टोक डावीकडून खोचलं की उजवीकडून? पहिल्या भागात डावीकडून होतं. नीट बघून कळवा."

मी कॅसेट पुन्हा आणली. एकटीच बसले. मागे घेतली, थांबवली, पुन्हा मागे घेतली. हात आडवा येत होता, काही केल्या कळेना. रविवारमागून रविवार गेले आणि एक दिवस पडद्यावर, नेमक्या त्याच जागी, पांढऱ्या रेषा आल्या.

मी त्यांना लिहिलं, "भाऊजी, रेषांच्या मागे आहे तो."