खिचडी शिजेपर्यंत

रेणुकाला भीती अभ्यासाची नव्हती, वेळेची होती. बारावीचा इतिहास तिला तोंडपाठ. पण गेल्या वर्षी पहिलंच मोठं उत्तर ती असं काही रंगवत बसली, की सरांनी पेपर ओढून घेतला तेव्हा निम्मे प्रश्न कोरेच होते. नापास! तेव्हापासून शाळेची नुसती घंटा ऐकली तरी ती हातातलं काम टाकून घड्याळाकडं बघायची.

रेणुका बीबी गावच्या अंगणवाडीत मदतनीस. झाडझूड करायची, लेकरांना घरोघरी जाऊन गोळा करायचं, मोठ्या पातेल्यात, म्हणजे गंजात, खिचडी शिजवायची. सेविका अन्नपूर्णाबाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्या जागी बसायचं तर बारावी पास हवं. यंदा राहिलं की जागा दुसरीची, अन् हिच्या हाती जन्मभर झाडू. या धास्तीनं रेणुका अर्धी झाली होती. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायचीच नाहीत, मनगटावरचं घड्याळ तेवढं दिसायचं.

अन्नपूर्णाबाई भारी फटकळ. एक दिवस त्यांनी ते घड्याळ काढून घेतलं आणि सरळ आपल्या पर्समध्ये टाकलं.

"काऊन वं, घड्याळ पाहू पाहूच घाबरून राह्यली तू! खिचडीचा गंज चढवला का एका प्रश्नाले बसायचं. खिचडी शिजली का उठायचं. उत्तर अर्धं राह्यलं त राहू दे मेलं!"

"अन् बाई, मले ध्यानच नाही राह्यलं त?"

"त जळन खिचडी. मंग खाय माह्या शिव्या."

जळली की! शिव्याही खाल्ल्या, त्याही लेकरांदेखत. पण हळूहळू अंगाला वळण पडलं. गंज चढला की पालथ्या डब्यावर बसायचं. शिजल्याचा वास आला की हातातला पेन आपोआप खाली. राहिलं ते राहिलं, उद्या नवा प्रश्न. भीती मात्र कुठं जातेय? ती रोज शेजारी मांडी घालून बसलेलीच.

परीक्षेचं केंद्र होतं हायस्कूलात, म्हणजे अंगणवाडीच्या भिंतीपलीकडंच. इतिहासाच्या दिवशी रेणुका आपल्या बाकावर जाऊन बसली. घंटा झाली. उत्तर येणारा प्रश्न दिसला तसा तिनं तोच धरला आणि ती घाबरीघुबरी होऊन लिहीत सुटली. थांबलं तर सगळं विसरेल असं वाटत होतं. किती वेळ गेला, काही पत्ता नाही.

आणि एकाएकी करपल्याचा वास आला.

"अगं बाई, गंज!" म्हणत ती ताडकन उठली, ती थेट दाराकडं.

"ओ ताई! कुठं निघाल्या?" सर धावत आले. सगळा वर्ग माना वळवून बघायला लागला. सरांनी एका बाईंना बोलावून तिची झडती घ्यायला लावली. कॉपी करताना धरलं असंच सगळ्यांना वाटणार!

"सर... मले वाटलं खिचडी जळून राह्यली."

कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी नाक वर करून वास घेतला आणि ते म्हणाले, "जळतेच आहे कुठंतरी. बसा खाली."

ती बसली आणि तिनं समोरचा पेपर पाहिला. पहिलंच उत्तर चौथ्या पानावर गेलं होतं. पुन्हा तेच! वाक्य अर्धं होतं. तिला रडू फुटलं, तरी ते तसंच सोडून तिनं पुढचा प्रश्न घेतला. मग एक गंज उतरवायचा, दुसरा चढवायचा, असं मनाशी म्हणत ती शेवटपर्यंत भीत भीतच लिहीत राहिली. शेवटची घंटा झाली तेव्हा एकही प्रश्न कोरा नव्हता.

भिंतीला वळसा घालून ती अंगणवाडीत आली. अन्नपूर्णाबाई काळ्याठिक्कर गंजाला राख लावून घासत बसल्या होत्या.

"लेकराईले मुरमुरे चारले आज," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुही घंटा ऐकली अन् गंज चढवला. मंग तिकडंच कान लावून बसली मी. छातीत असं धडधडे, का खिचडी खाली लागून राह्यली तेच समजलं नाही."

रेणुकानं त्यांच्या हातातून गंज काढून घेतला आणि ती त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.