पंडिताची वीज

चित्रांतलं मला काय कळतं, पण नातीने केलेली ती लांबलचक गुंडाळी मी अशी रंगून वाचली की विचारू नका.

तिच्या शाळेत जपानचा धडा चालू होता. तिकडे शेकडो वर्षांपूर्वी कागदाच्या लांब पट्टीवर एका पंडिताची गोष्ट रंगवलीय म्हणे. तीच हिने चित्रांत काढली आणि चित्रं एकापुढे एक चिकटवली. त्या दिवशी ती गोष्ट शाळेच्या लायब्ररीत छोट्या वर्गांना सांगायची होती. आठवडाभर पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं.

सकाळी मी ओट्यावरून हात पुसत आले आणि गुंडाळी उघडली. हात आपसूक उजव्या टोकाला गेला. लहानपणी रत्नागिरीला कुराण तसंच, उजवीकडून वाचायला शिकले ना.

"हे बघ," मी सांगत सुटले, "आधी लोक देवळात हात जोडतायत. मग महालावर वीज पडली. मग हा बाबा आजारी पडला, बरा होऊन होडीत बसला आणि बायकापोरांत घरी आला. अंगणातलं झाडपण फुललंय. छान केलंस गो."

नात बघतच राहिली. "नानी, नो. ही डाइज. मरतो तो."

मग तिने सांगितलं. हा पंडित म्हणजे राजाचा हुशार वजीर. जळणाऱ्यांनी चुगल्या केल्या, त्याला घरदार सोडून लांब धाडलं, तिथेच तो झुरून गेला. मग महालावर विजा कोसळल्या. ही त्याचीच वीज म्हणून लोक घाबरले आणि त्याच्या नावाने देऊळ बांधलं. आता मुलं परीक्षेआधी तिथे जातात.

बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. असली गुंडाळी उजवीकडूनच उघडतात, हे तिला पाठ होतं. पण चिकटवताना हात वहीच्या सवयीने डावीकडून चालला होता.

"इट्स ऑल राँग. आय कान्ट गो."

"न जायला काय झालं? फडकं ओलं करून आण."

घरातला गोंद संपला म्हणून मी मैद्याची खळ शिजवून दिली होती, तेच बरं झालं. सांधे भिजवले, सुरीने हलकेच उचलले. होडीचं एक वल्हं फाटलं, ते तिने पुन्हा रंगवलं. परत चिकटवून बाल्कनीत धरलं. इथलं आखातातलं ऊन ते, कागद पापडासारखा वाळला. जावई दारात किल्ली वाजवत, "यल्ला, यल्ला, चला लवकर."

लायब्ररीत मी मागच्या खुर्चीत बसले. इंग्रजी मला अर्धंमुर्धं येतं, पण पोरीचा आवाज सुरुवातीला कापत होता हे कळलं. विजेपाशी आल्यावर तिने टेबलावर दोन्ही हात आपटले. पहिलीतली पोरं किंचाळून एकमेकांना बिलगली आणि लगेच "अगेन, अगेन" करायला लागली. पंडिताला पुन्हा पुन्हा वीज पाडावी लागली, आणि माझ्या पोरीचा आवाज काही परत कापला नाही.

टीचर म्हणाल्या, ही इथेच भिंतीवर लावू या. नातीला काय करू नि काय नको झालं.

"त्यांना सांग, खळीला झुरळं लागतात," मी तिच्या कानात म्हटलं.

"नानी, प्लीज," ती दात आवळून म्हणाली, आणि मग तिलाच हसू आवरेना.