विकाऊ मोटारसायकल

मिरजोळ्याच्या मेस्त्रीने भंगारातली जुनी मोटारसायकल टर्बो बसवून नव्याने उभी केली आणि तिच्यावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावली. चार वर्षं झाली. दर गणपतीला तो पाटीही नव्याने रंगवी.

एकदा मी खेडचं गिऱ्हाईक नेलं. त्याने घासाघीस न करता किंमत कबूल केली, तसा मेस्त्रीचा चेहरा उतरला.

“आधी चालू करून तर बघा.”

गिऱ्हाईकाने वीस किका मारल्या. गाडी ढिम्म. मेस्त्रीने फडक्याने इंजिन पुसलं, पुसता पुसता प्लगची वायर हळूच बसवली, आणि त्याने स्वतः मारलेल्या पहिल्याच किकेला गाडी गरजली.

“माणूस बघून चालू होते हो ती!”

गिऱ्हाईकाने हात जोडले आणि एसटी धरली.

मी वायर पाहिली होती, हे मेस्त्रीने ओळखलं. चहाचा कप पुढे करत म्हणाला, “मास्तर, असं अधनंमधनं गिऱ्हाईक आणीत जा हो. तेवढंच तिला बरं वाटतं.”