बंद गेटापाशी भरलेली असेंब्ली

"मॅडमजी, कविता कल से नहीं आएगी," सोनागिरीत किराणा दुकान चालवणारे तिचे वडील स्टाफरूमच्या दारातूनच म्हणाले. "हायवे के ट्रक देखे हैं आपने? ऐसी पढ़ाई नहीं चाहिए."

त्यांचं चुकत नव्हतं. आमची शाळा भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधली. मी गणित शिकवायचे, हे कारखान्यात इंजिनिअर. भिंतीपलीकडच्या सोनागिरीतल्या मुली शाळेजवळच्या छोट्या गेटातून यायच्या. मध्यंतरी टाउनशिपमध्ये कुठेतरी केबल चोरीला गेली आणि इस्टेट ऑफिसनं त्या गेटाला कुलूप ठोकलं. इस्टेट ऑफिस म्हणजे टाउनशिपचं मालकच समजा. क्वार्टर, नळ, रस्त्यावरचा दिवा, सगळं त्यांच्या मर्जीनं. आता मुलींना हायवेवरून मेन गेटपर्यंत वळसा पडायचा. त्यात उशीर व्हायचा, आणि प्रार्थना चुकली की घरी परत, हा शाळेचा जुना नियम. म्हणजे ट्रक चुकवत यायचं आणि तसंच परत जायचं. मला भयंकर राग आला. कविता दहावीला होती, आणि फळ्यावरचं गणित माझ्या आधी सोडवायची.

मी इस्टेट मॅनेजरना भेटले.

"सिक्योरिटी का मामला है, मैडम."

"तार चोर ले गए, सर. लड़कियां तो बस्ता लाती हैं."

"आप पढ़ाइए. टाउनशिप हम देख लेंगे."

घरी हे म्हणाले, "माझ्या प्रमोशनची फाइल वर गेलीय. जरा दमानं घे."

"दमानंच घेतेय. अजून कुलूप तोडलेलं नाही."

असेंब्लीची, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेची, इन्चार्ज मीच होते. प्रिन्सिपलना म्हटलं, "उद्या प्रार्थना गेटापाशी घेऊ. मुली बाहेरून म्हणतील. मग त्यांची प्रार्थना चुकली असं कोण म्हणेल?"

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "ऑफिसर लोकांच्या गाड्यांचा रस्ता आहे तो. अडेल."

"थोडा अडेल."

"मग मी उद्या जरा उशिराच येतो."

कविताच्या वडिलांना निरोप धाडला, एक दिवस पाठवा आणि तुम्हीही या.

सकाळी गेटासमोर रस्ताभर रांगा लागल्या. गजांपलीकडे सोनागिरीच्या मुली. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. तेवढ्यात मॅनेजरसाहेबांची जीप येऊन हॉर्न वाजवू लागली. मी राष्ट्रगीताची खूण केली. हॉर्न थांबला. साहेब खाली उतरले आणि गेटाकडे तोंड करून सावधान उभे राहिले. त्यांच्या मागे गाड्यांची रांग, तीही सावधान.

राष्ट्रगीत संपलं. बाहेरच्या मुलींनी दप्तरं उचलली आणि शाळेकडे पाठ करून हायवेकडे पळत सुटल्या.

"ये कहां भाग रही हैं?" साहेबांनी विचारलं.

"स्कूल आ रही हैं, सर."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागच्या गाड्यांतले लोक पाहत होते. शेवटी ते गार्डला म्हणाले, "चाबी ला." पलीकडे कविताचे वडील ओरडले, "कविता, रुक जा! खुल रहा है!"

शाळेच्या वेळात ते गेट पुन्हा कधी बंद झालं नाही. ह्यांचं प्रमोशन तेवढं त्या वर्षी हुकलं. कशामुळे ते कोणी सांगितलं नाही, आणि घरात आम्हीही तो विषय टाळला. मी रिटायर झाले तेव्हा कविताचे वडील चार माणसं घेऊन आले. "मैडम, अब चुनाव लड़िए." लढले, पार्षद झाले, म्हणजे तुमच्याकडची नगरसेविका.

नंतर पुष्कळ मीटिंगा केल्या, पण माझी पद्धत तीच राहिली. साहेबाला ऑफिसात जाऊन समजावत बसू नये. त्याला जागेवर आणून उभं करावं. सावधान असेल तर फारच उत्तम.