महापौरांच्या घरचा नळ

अण्णांचे किस्से कुणी जमवत बसलं नाही. हर्सूलच्या टपरीवर आम्ही चार जण चहाला थांबलो की एक निघतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा. मी अण्णांचा शेजारी आणि प्रत्येक निवडणुकीतला बिनपगारी प्रचारप्रमुख, म्हणून माझ्याकडे साठा जरा जास्त!

*

पहिल्या निवडणुकीत अण्णा सपाटून पडले. गुलाल दुसऱ्याच्या अंगावर आणि अण्णा दारोदार आभार मानत! मी म्हटलं, "अण्णा, आभार जिंकल्यावर मानतात."

"तू चल तर."

ज्यांनी मत दिलं नव्हतं, त्यांना अशी काही लाज वाटली की कुठे चहा, कुठे पोहे, एका घरी तर पुरणपोळी. संध्याकाळी पोटावरून हात फिरवत अण्णा म्हणाले, "जिथं लई आग्रह झाला ना, तिथं आपल्याला मत नाय."

पुढच्या खेपेला अण्णा त्याच घरांच्या जोरावर निवडून आले.

*

नगरसेवकाचे अण्णा महापौर झाले. गल्लीत फटाके, हार, डीजे. सुमनवैनींनी नवऱ्याला ओवाळलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आपल्या नळाला पाणी येऊ द्या, मग मी महापौर म्हणंन. तवर तुम्ही नुसते अहो."

सगळे हसले. अण्णाही हसले, पण ते त्यांना लागलं. सगळं शहर 'महापौरसाहेब' म्हणायचं, आणि घरात चपला काढल्या की 'अहो'.

*

खटपटी करून अण्णांनी गल्लीत पाइप टाकून घेतले. उद्घाटनाचा मुहूर्त खुलताबादच्या गुरुजींकडून काढून आणला. मंडप, नारळ, फोटोग्राफर, सगळं जय्यत. अण्णांनी तोटी फिरवली आणि नळातून फुस्स करून नुसती हवा आली!

आमच्याकडे पाण्याचा दिवस ठरलेला असतो. लोक साखरपुडासुद्धा तो बघून धरतात. महापौर तेवढं विसरले.

वैनी म्हणाल्या, "गुरुजीला इचारलं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला इचारलं का?"

पुढे पाण्याचा दिवसही आला. पण गल्ली पडली चढावर आणि अण्णांचं घर सगळ्यात वर, शेवटचं. पाणी खालच्या कोपऱ्यापर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं. मग उंचावर टाकी बांधायला घेतली, आणि टाकी होता होता अण्णांची मुदत संपत आली.

*

शेवटच्या दिवशी गल्लीने सत्कार ठेवला. शाल झाली, श्रीफळ झालं, अण्णा बोलायला उठले. "मंडळी, एक काम तेवढं माझ्याच्यानं राहून गेलं..."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "नळ आले!"

मंडप बघता बघता रिकामा. पहिल्या रांगेतल्या सुमनवैनी सगळ्यांच्या पुढे. हातातला हार खुर्चीवर टाकून मीही पळालो. स्टेजवर उरले अण्णा आणि चालू माइक.

मी दारात ड्रम लावत होतो. भोंग्यातून अण्णांचा आवाज आला, "कुठवर आलंय? ओ, कुणी सांगंल का?"

वरच्या शेवटच्या घरातून सुमनवैनींचा आवाज भोंग्यावर चढला, "ओ महापौरसाहेब, ड्रम उचलायला या!"