डोळ्यातला गॅस

आई पुण्यात वारली त्या दिवशी मी इंदूरमध्ये पालथा पडून होतो. त्याच आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचा सुटलेला पडदा डॉक्टरांनी जागेवर बसवला होता, आणि तो तिथेच टिकावा म्हणून आत गॅसचा बुडबुडा सोडला होता. बुडबुडा वर चढून पडद्याला टेकायला हवा, म्हणून माझं तोंड सतत जमिनीकडे.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "विमानात नमकीनचं पाकीट फुगतं ना? वर हवेचा दाब कमी, म्हणून आतला गॅस पसरतो. पाकिटाला फुगायला जागा असते, डोळ्याला नसते. नस दबली की नजर गई समझो. गॅस जिरेपर्यंत विमान नाही, घाट नाही."

मला ते लगेच कळलं. आई एकदाच इंदूरला आली होती. परत पोचवायला मी तिच्यासोबत विमानाने गेलो, तेव्हा सियागंजातून घेतलेल्या शेवेचं पाकीट तिच्या मांडीवर होतं. वर गेल्यावर ते टम्म फुगलं. "अरे, फुटणार बघ हे," म्हणत तिने ते उतरेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरलं. घरी गेल्यावर दादाला सांगितलं, "मी होते म्हणून वाचलं."

बायकोने फोन माझ्या तोंडाखाली फरशीवर ठेवला. दादा म्हणाला, "संध्याकाळचं विमान आहे. ये. तोवर थांबतो."

"नाही येता येणार, दादा. डोळ्यात गॅस आहे."

मी त्याला पाकिटाचं सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही.

"आईने धरलेलं, ते?"

"हो."

दादा म्हणाला, "डोळे दोन असतात रे. आई एकच होती."

तरीही तो थांबला. विमानतळावर गाडी पाठवली. उशीर होतोय म्हणणाऱ्यांना 'धाकटा येतोय' म्हणत राहिला. गाडी रिकामी परतली तेव्हा त्याने आईला उचलू दिलं. हे मला पुढे वहिनीने सांगितलं. गरज नव्हती.

स्मशानातून कुणीतरी व्हिडिओ कॉल लावला. पालथ्या माणसाच्या डोळ्यातलं पाणी गालावरून ओघळत नाही, सरळ खाली पडतं. फोनची काच भिजत होती, बायको पदराने पुसत होती. एकदा त्या पुसण्यात फोन कट झाला. पुन्हा लागला तेव्हा विद्युतदाहिनीचं दार बंद झालेलं होतं.

इथले शेजारी भेटायला येत. "मन छोटा मत करो भिया, आँख तो बच गई." मी फरशीकडे बघत मान हलवायचो. त्यांचे फक्त पाय दिसायचे.

पुढे उठून बसायची परवानगी मिळाली. बुडबुड्याची कड नजरेत पाण्यासारखी हलायची आणि रोज थोडी खाली उतरायची. शेवटी तळाशी काळा मणी उरला. एका सकाळी तोही नव्हता. डॉक्टरांनी तपासलं आणि विमानाला हरकत नाही म्हणाले.

मी पुण्याला गेलो. दादाने दार उघडलं, पाणी दिलं.

"कुठला डोळा?"

"उजवा."

"दिसतं?"

"दिसतं."

"बरं झालं," म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मी केला तर वहिनी उचलते. उजव्या डोळ्याने वाचता येतं. ओळी मध्येच जरा वाकतात.